एका खणात दोन बोटी

वेदरली मरीनात, कालव्यावरच्या आमच्या बोटींच्या तळावर, थेल्मा प्राउझच्या बोटीची उजवी बाजू बरीच वर्षं कुणी धड पाहिली नव्हती. त्या बाजूला बर्नार्ड होता.

म्हणजे बर्नार्डची बोट. मरीनातले खण तसेच असतात. पाण्यात पुढे आलेल्या दोन तरंगत्या फळ्या, आणि त्या फळ्यांच्या मधल्या खणात दोन चिंचोळ्या बोटी, अंगाला अंग लावून. रुंदीला सात फूट, लांबीला आगगाडीच्या डब्याएवढ्या. थेल्मा डाव्या फळीवर उतरायची, बर्नार्ड उजव्या. मध्ये एवढीशी फट. दोघांच्या स्वयंपाकाच्या खिडक्या समोरासमोर होत्या, त्यामुळे सकाळचा चहा खिडकीतून खिडकीत जायचा आणि संध्याकाळी कप धुऊन परत यायचा. "अगं, साखर घातलीस की मीठ?" हा बर्नार्डचा रोजचा प्रश्न, आणि "घातलंय ते गुमान पी" हे थेल्माचं रोजचं उत्तर. शेजारच्या फळीवरची माणसं ते ऐकून उठायची.

थेल्मा मुळात कालव्यावरची नव्हेच. तिचं सगळं आयुष्य नॉर्थँप्टनला शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाटाणे आणि बटाटे वाढण्यात गेलं. बोटीचं वेड तिच्या नवऱ्याला, लेनर्डला. निवृत्त झाल्यावर त्यानं बोट घेतली, तिच्या दारांवर गुलाब रंगवून घेतले, पितळेच्या कड्या घासघासून चमकवल्या, आणि पहिला उन्हाळा सरायच्या आत हृदय बंद पडून गेला. मुलगी म्हणाली, बोट विकून टाक आई, तुला काय कळतं त्यातलं? त्या "काय कळतं"नंच घोळ केला. थेल्मानं घर विकलं आणि बोट ठेवली.

कळत तर काहीच नव्हतं. सुकाणू डावीकडे ढकललं की बोट उजवीकडे जाते, एवढी साधी गोष्ट डोक्यात शिरेपर्यंत तिनं डाव्या अंगानं दोन पुलांचे दगड खरवडले आणि एका सभ्य गृहस्थाच्या छपरावरच्या टोमॅटोच्या कुंड्या पाण्यात पाडल्या. मरीनात ती वळताना दिसली की लोक आपापल्या बोटीत जाऊन दारं लावून घ्यायचे. बर्नार्ड टेब तेवढा बाहेर आला. बसच्या डेपोत मेकॅनिक होता तो, बायको फार पूर्वी सोडून गेलेली. हात हलवून म्हणाला, "माझ्या खणात अर्धी जागा रिकामी आहे बघ. इथेच लाव. ठोकायचंच असेल तर मला ठोक, मला सवय आहे."

तिनं ठोकलं. मग तिथेच राहिली.

त्यानं तिला सगळं शिकवलं. इंजिनाला तेल कधी पाजायचं, शेगडी रात्रभर विझू न देता कशी राखायची, आणि सगळ्यात महत्त्वाचं, लॉकमध्ये जोडीनं कसं जायचं. लॉक म्हणजे कालव्याची पायरी. बोट आत घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, पुढच्या झडपा उघडून पाणी सोडायचं, की बोट वर. आमच्या बाजूची लॉक रुंद, दोन चिंचोळ्या बोटी शेजारी शेजारी नीट मावतात. चढताना एकटी बोट असली तर आत येणारं पाणी तिला भिंतीवर आपटतं. दोघी असल्या की एकमेकींना धरून राहतात, दोरसुद्धा बांधावा लागत नाही. म्हणून आमच्याकडे रीत आहे, दरवाजा लावायच्या आधी मागे वळून बघायचं. कुणी येत असेल तर थांबायचं. मागे न बघता दरवाजा लावणाऱ्याला आम्ही माणसात धरत नाही.

थेल्मा डावीकडून आणि बर्नार्ड उजवीकडून, दोघं एकदम लॉकमध्ये शिरायचे. इतके एका रेषेत, की पुलावर लोक थांबून बघायचे. "काय जोडी आहे!" असं कुणीतरी म्हणायचंच, आणि बर्नार्ड टोपी काढून वाकायचा. थेल्मा म्हणायची, "पुढे बघ, नाटक्या." पण तिला ते आवडायचं. आता कशाला लपवायचं, फार आवडायचं.

एका हिवाळ्यात कालव्यावर बर्फाची साय धरली होती. चहा देताना ती खिडकीतून सहज म्हटल्यासारखं म्हणाली, "काय रे, एक बोट विकून टाकू या का? दोन दोन शेगड्या पेटवतोय. एकीत राहू." सहज म्हटल्यासारखं. दोन दिवस ती ते वाक्य मनात घोळवत होती.

बर्नार्ड जोरात हसला. "सात फुटात दोन माणसं? अगं बदका, महिन्याभरात एकमेकांचा जीव घेऊ!" आमच्याकडे लाडानं कुणालाही, अगदी मीटर बघायला येणाऱ्यालाही, बदकच म्हणतात. "असंच बरं आहे. शेजारी, पण मध्ये फट."

"मी गंमत केली," थेल्मा म्हणाली, आणि खिडकी लावून घेतली. रडली थोडी. मग तिनं स्वतःची समजूत घातली, की त्याचं बरोबरच आहे, सात फूट म्हणजे सात फूट. त्याचं मन नाही असं थोडंच आहे? जागा नाही, इतकंच. या समजुतीवर तिनं पुढची सगळी वर्षं काढली.

मग रुंद बोटी यायला लागल्या. बारा फुटी, काही त्याहून मोठ्या. आत सोफा, खऱ्या घरातला पलंग, कुणाकुणाकडे न्हाणीघरात टबसुद्धा. आम्ही त्यांना ढब्बू म्हणायचो. आता ढब्बूंवरून मरीनात जी भांडणं झाली ती सांगायला बसलो तर कोळसा संपेल. समोरून ढब्बू आली की ती मधल्या खोल पाण्यातून हलत नाही, चिंचोळीनं मुकाट कडेच्या गाळात रुतायचं. लॉकमध्ये ती एकटीच सगळी जागा खाते, मागचा थांबलाय तो थांबलाय. अर्धा कालवा अडवून उभी राहते ती वेगळीच. हे सगळं खरं. आणि घरभाडी गगनाला भिडल्यावर पोराबाळांच्या माणसांनी कुठे जायचं, हेही तितकंच खरं.

थेल्माचं मत विचाराल तर तिला सुरुवातीला ढब्बूंचं काही वाटत नव्हतं. एकदा पुलाखाली एक ढब्बूवाली तरुण बाई दोन पोरांना घेऊन उभी होती, तिला थेल्मानं आल्याचा केक नेऊन दिला. बर्नार्डच तिच्यावर खेकसला. "केक कसला देतेस? उद्या ही आपल्या खणात घुसेल. ढब्बूला एक अख्खा खण लागतो, थेल. म्हणजे दोन चिंचोळ्या बाहेर. तू आणि मी!"

'तू आणि मी' म्हटल्यावर थेल्माला वेगळं काही सांगावं लागलं नाही. ती ढब्बूंची वैरीण झाली.

शरदातल्या एका रविवारी बर्नार्ड टेप घेऊन आला. म्हणाला, "खण मोजू या. ढब्बू यात बसत नाही हे एकदा पुराव्यानं दाखवलं की डंकनचं तोंड बंद." डंकन म्हणजे मरीनाचा मॅनेजर, गोड बोलून हो म्हणणारा आणि गोड बोलूनच नाही म्हणणारा. थेल्मा डाव्या फळीवर ओणवी झाली आणि टेपचं टोक धरून बसली. बर्नार्ड उजव्या फळीवर. गुडघे दुखत होते, वारा होता, तो "घट्ट धर गं" म्हणायचा आणि ती घट्ट धरायची. पुढून मोजलं, मधून मोजलं, मागून मोजलं.

"बसते का रे?" तिनं विचारलं.

"जेमतेम बसेल मेली," तो म्हणाला. "म्हणजे आता नियमच करून घ्यायला हवा."

मग चहाच्या खोलीत सगळ्यांची सभा झाली. आदल्या दिवशी बर्नार्ड तिला म्हणाला, "बोलायचं तूच. तुझं लोक ऐकतात. मी बोललो तर म्हणतील म्हातारा कुरकुरतोय. आणि 'ढब्बू नकोत' असं सरसकट म्हणू नको, डंकन ऐकायचा नाही. 'बाहेरच्या ढब्बू नकोत' असं म्हण. बाहेरच्या. आणि खणावर पहिला हक्क त्यात सगळ्यात आधी आला त्याचा, हेही घाल. म्हणजे आपल्याला कुणी हलवू शकणार नाही."

आपल्याला. थेल्मा उभी राहिली, पोरांना रांगेत उभं करायच्या आवाजात बोलली, आणि सगळ्यांनी हात वर केले. डंकननंही मान डोलावली. त्याच महिन्यात ती दोन पोरांची बाई जागा मागायला आली आणि नियम ऐकून परत गेली. थेल्मा फळीवर उभी होती. तिनं त्या बाईच्या तोंडाकडे बघितलं नाही.

तो सगळा हिवाळा बर्नार्ड दर बुधवारी गावात जायचा. खांदा धरला होता म्हणे, मालीश करून घ्यायचा. त्या बुधवारी संध्याकाळी थेल्मा त्याच्या बोटीत जाऊन शेगडी पेटवून ठेवायची, म्हणजे आल्यावर खांद्याला ऊब मिळेल. त्याची चप्पलसुद्धा शेगडीजवळ ठेवायची. तो यायचा तो शीळ घालत. "बरं वाटतंय?" ती खिडकीतून विचारायची. "फार बरं," तो म्हणायचा.

वसंत आला, आणि शर्ली आली. शर्ली कोळशाची बोट चालवते, कालव्यावर फिरून कोळसा आणि गॅस विकते, आणि बातम्या फुकट वाटते. थेल्माच्या छपरावर कोळशाच्या गोण्या टाकता टाकता म्हणाली, "पाहिली मी तुमची नवी बोट! काय देखणी आहे गं. हिरवीगार. आता तू मला ही गोणी टाकायला बोलावणार नाहीस, मोठा बंगलाच झाला की."

"कुणाची बोट?"

"अगं बर्नार्डची! कारखान्यात रंग चाललाय. बारा फुटी. मी म्हटलं, चला, अखेर या दोघांना अक्कल आली." शर्लीनं गोणी खाली ठेवली. "फक्त बोटीवरचं नाव वाचून मी चमकले. मला वाटलं तुझं नाव घालेल. लॉरेन कोण गं? त्याची आई का?"

थेल्मानं शर्लीला गोण्यांचे पैसे दिले, तिला चहा विचारला, ती नको म्हणाली. ती निघून गेल्यावर थेल्मा सरळ डंकनकडे गेली आणि त्या हिरव्या बोटीचं विचारलं. डंकननं खुर्ची पुढे केली, म्हणजे काहीतरी वाईट असणार हे तिनं ओळखलं.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" डंकन खरंच गोंधळला होता. "मला वाटलं तुमचं दोघांचं ठरूनच चाललंय. मापं तुम्हीच तर घेतलीत. नियमही तुम्हीच मांडलात. बर्नार्ड बाहेरचा नाही, आणि त्या खणात आधी तोच आला. म्हणजे खण त्याचा. त्याची ढब्बू आली की तो अख्खा लागणार." मग गोड आवाजात म्हणाला, "तुमच्यासाठी एक जागा आहे. मैल्याच्या टाकीच्या मागे. वास रोज येत नाही."

बर्नार्ड खिडकीत उभा होता. चहाची वाट बघत, दुसरं काय!

"लॉरेन कोण?" थेल्मानं विचारलं.

त्याच्या तोंडाचा रंग उडाला. तो खिडकीची कडी खालीवर करू लागला. "नाचाच्या वर्गात भेटली," तो म्हणाला. "बुधवारी. थेल, मी सांगणारच होतो गं."

"कधी? बोट माझ्या अंगावर आल्यावर?"

"तुला ढब्बूंचा इतका राग. मला धीर होईना."

"राग?" थेल्माचा आवाज इतका चढला की पलीकडच्या फळीवर कुणाच्या तरी हातातली बशी फुटली. "तो राग माझ्यात कुणी भरला? मला सभेत उभं कुणी केलं? टेप कुणी धरायला लावला? माझ्याच हातानं तू माझी जागा मोजून घेतलीस, बर्नार्ड! गुडघ्यावर बसवून! त्या पोरांच्या आईला मी तुझ्यापायी हाकललं!"

"तिला बंगल्यात राहायची सवय आहे," तो कसाबसा म्हणाला. "चिंचोळ्या बोटीत तिचा श्वास कोंडतो. मलाही वाटलं, उरलेले दिवस जरा हातपाय पसरून… मी साठ ओलांडून किती पुढे आलो, मला एकट्यानं मरायचं नव्हतं गं."

मी इथे एका हाताच्या अंतरावर होते, असं थेल्माला म्हणायचं होतं. तिनं त्या सकाळी खिडकी लावली आणि पुन्हा उघडली नाही. त्याचा निळा कप तिच्याकडेच राहिला होता, तो तिनं धुऊन त्याच्या छपरावर ठेवला.

मरीनातले लोक आले. कुणी म्हणालं भांड, कुणी म्हणालं पुन्हा सभा घेऊ, नियम बदलू. ती म्हणाली, "नियम माझाच आहे. मी तो कशाला मोडू?" मुलगी फोनवर म्हणाली, आतातरी विक. ती म्हणाली, नाही. मैल्याच्या टाकीमागची जागाही तिनं घेतली नाही. तिथून तो खण समोर दिसत होता. ती जाणार होती, कालव्यावर, जिथे थांबता येईल तिथे थोडे दिवस थांबत. इतकी वर्षं तिनं जोडीनं बोट चालवली, एकटीनं एकदाही नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

निघाली त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. खणातून बोट मागे काढली तेव्हा तिची उजवी बाजू बऱ्याच वर्षांनी सगळ्यांना धड दिसली. लेनर्डनं लावलेला तांबडा रंग त्या बाजूला जसाच्या तसा होता. एक ओरखडा नाही. ऊन लागलं नव्हतं, भिंत लागली नव्हती, एवढी वर्षं तिथे दुसरी बोट होती.

पहिलं लॉक मरीनापासून हाकेच्या अंतरावर. थेल्मा आत शिरली आणि सवयीनं डाव्या भिंतीला लागली. उजवीकडचं अर्धं लॉक रिकामं. वर पाहिलं तर बर्नार्ड. पायवाटेनं धावत आला होता, हातात झडपा उघडायचं लोखंडी हँडल, धाप लागलेली. त्यानं पाठीनं दरवाज्याचा दांडा ढकलत मागचा एक दरवाजा लावला. दुसरा लावायच्या आधी थांबला आणि रीतीप्रमाणे मागे वळून बघितलं.

"कुणी येत नाहीये," तो म्हणाला. "थांबायचं का थोडं?"

"लाव," थेल्मा म्हणाली.

त्यानं दरवाजा लावला, पुढे जाऊन झडप उघडली, अगदी हळू, तिला शिकवताना उघडायचा तशी. तरी पाणी आलंच. बोट डाव्या भिंतीपासून सुटली, रिकाम्या अर्ध्यात तिरकी गेली आणि उजव्या भिंतीवर अशी आदळली की आतले कप खाली आले. लांबच लांब खरवडल्याचा आवाज झाला.

"दोर! थेल, मधला दोर बांधला नाहीस का?" बर्नार्ड वरून ओरडला.

"मला कधी लागला होता?" ती म्हणाली.

त्यानं झडप बंद केली. पाणी शांत झालं. तो कडेला येऊन गुडघ्यांवर बसला, तिच्या डोक्याच्या थोडा वर. डोळे भरले होते त्याचे, उगाच कशाला खोटं सांगू. "माझं चुकलं गं," तो म्हणाला. "नुसतं सांगायला हवं होतं."

"सात फुटात दोन माणसं मावत नाहीत, असं तू म्हणाला होतास."

"आठवतंय तुला?"

"मी ते खरं मानलं, बर्नार्ड. तुझ्याकडे जागाच नाही असं मानलं." सुकाणू तिनं दोन्ही हातांनी धरलं होतं. "मला साडेतीन फूट पुरले असते."

त्यानं उठून झडप पुन्हा हळूहळू उघडली. बोट वर आली, समोरचे दरवाजे त्यानं उघडून दिले. "पुढच्यालाही येतो," तो म्हणाला. "ते अवघड आहे. एकटीला जमायचं नाही."

"तू यायचं नाहीस," ती म्हणाली, आणि इंजिन पुढे घेतलं.

पुढचं लॉक येईपर्यंत तिनं मागे बघितलं नाही. तिथे ती आत गेली, डाव्या भिंतीला लागली. छपरावर मधला दोर गुंडाळून पडला होता, लेनर्डनं गुंडाळला होता तसाच, वाळून लाकडासारखा कडक झालेला. तो तिनं ओढून सोडवला, हातांनी मळून मऊ केला, खांद्यावर घेतला आणि भिंतीची शिडी चढून वर गेली. वरच्या खुंटीला त्याचे दोन वेढे दिले आणि टोक घट्ट धरलं.

मग दरवाजा लावायच्या आधी तिनं मागे वळून बघितलं. लांब वळणावरून एक बोट येत होती. रुंद होती. छपरावर दोन पोरं बसली होती.

थेल्माच्या बोटीशेजारी लॉकमध्ये मावणार नव्हतीच ती. तरी दरवाजा लावताना थेल्मानं हात वर केला आणि ओरडून सांगितलं, "मी वर गेले की पाणी खाली सोडून ठेवते गं! तुला दरवाजे उघडेच मिळतील!"